‘व्हिजिटवर जा, परमिट तिकडे करू’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात आखातात कुणी नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. मी स्वतः १९ वर्षं दुबईत पाइप फिटरचं काम केलं. आमच्या शेजारच्या मुलावर जी वेळ आली ती इतर घरांवर येऊ नये, या तळमळीने लिहीत आहे.

मुलगा २३ वर्षांचा, शिक्षण नववीपर्यंत, वेल्डिंगमध्ये हात बसलेला. ‘आधी व्हिजिटवर (म्हणजे फिरायला जाण्याच्या व्हिसावर) जा, परमिट (कामाचा परवाना) तिकडे करू’ असं सांगून एजंटाने सव्वा लाख घेतले. त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. दुबईत उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याला एका वर्कशॉपमध्ये कामाला लावलं. परत आल्यावर त्याने माझ्यासमोर व्हिसाचा कागद उलगडला. चार घड्या पडून मधोमध विरलेला. मागच्या कोऱ्या बाजूला त्याने रोजचे तास बॉलपेनने लिहून ठेवले होते: ११, १२, ११, १३... असे ४१ दिवस. एकाही दिवसाचा पैसा मिळाला नाही. ‘परमिट आला की एकदम देऊ’ म्हणत राहिले आणि ६० दिवस सरल्यावर फोन उचलणंच बंद केलं. तक्रार करायला गेलो तर आपणच अडकू, या भीतीने तो गप्प बसला. शेवटी मुदतीवर नऊ दिवस जास्त राहिल्याबद्दल, रोजचे ५० प्रमाणे, ४५० दिरहम दंड भरून परतला.

व्हिजिटवर जाऊन नोकरी शोधणं यात गैर काही नाही, हे मी मुद्दाम सांगतो. मुलाखती देता येतात, आणि कंपनीने घ्यायचं ठरवलं तर अमिरातीतून बाहेर न पडताही स्टेटस बदलता येतं, म्हणजे व्हिजिटचा व्हिसा नोकरीचा करून घेता येतो. पण आधी ऑफर लेटर, मग तिथल्या कामगार मंत्रालयाचा परवाना, मग स्टेटस बदल, मेडिकल आणि एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्र. परवाना हातात येण्याआधी ‘ट्रायल’ म्हणूनसुद्धा एक दिवस काम करायचं नाही. ऑफर लेटर हिंदीतही मिळतं, ते मागून घ्यावं, वाचल्याशिवाय सही करू नये. परवान्याचा आणि भरतीचा खर्च कायद्याने मालकाने करायचा असतो, कामगाराने नाही. विनापरवाना माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४ पासून १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे. मालक नामानिराळा राहून मधल्या माणसाला पुढे करतो, तो याच भीतीने.

दुसरी बाजू आपल्याकडची. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट सहसा ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी मंजुरी लागणारा असतो. अशांना अमिरातीसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून ती मंजुरी घ्यावी लागते. वेळखाऊ वाटते खरी, पण त्यात कराराची नोंद होते, आणि दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा उतरतो. नोंदणीकृत एजंटाला ३० हजार आणि वर जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. व्हिजिटवर पाठवलं की हे सगळं टळतं. ना नोंद, ना विमा, ना शुल्काची मर्यादा. उद्या त्या वर्कशॉपमध्ये या मुलाला काही झालं असतं, तर त्याच्या आईने कुठला कागद घेऊन कुणाच्या दारात जायचं होतं?

यासाठी कामगारांच्या परदेशगमनाचं कार्यालय मुंबईत आहे. वाडीवरचा माणूस तिथवर पोचत नाही, एजंट मात्र घरी येऊन बसतो. निदान खेड, दापोली, श्रीवर्धनच्या तहसील कार्यालयांत आठवड्यातून एक दिवस कुणीतरी ई-मायग्रेटवर एजंटाची नोंदणी तपासून द्यावी. एसटी स्टँडवर मराठीत आणि उर्दूत फलक लावावेत. त्यावर दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा ८००-४६३४२ हा मोफत क्रमांकही असावा. शेजारच्या त्या मुलाला तो माहीत असता तर ४१ दिवस गेले नसते. आपल्या वृत्तपत्राने पालकमंत्र्यांकडे हा विषय लावून धरावा, ही कळकळीची विनंती.

तो मुलगा पुन्हा जायचं म्हणतो. मी त्याला अडवत नाही. या वेळी एजंटाला पैसे देण्याआधी ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे ये, असं सांगितलं आहे.

आपला,
एक निवृत्त पाइप फिटर,
ता. खेड, जि. रत्नागिरी