प्रागमधला कोणता लोब्कोवित्स प्रासाद?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत प्रागमधल्या बरोक प्रासादांवर आलेला लेख आवडीने वाचला. इटलीच्या दूतावासाच्या दारावर पंख पसरून बसलेले दगडी गरुड आणि रुमानियाच्या दूतावासाचा सज्जा खांद्यावर तोलून धरणारे दोन मूर, म्हणजे आफ्रिकी पुरुषांचे पुतळे, यांचे वर्णन इतके नेमके उतरले आहे, की नेरुदोवा रस्त्याची ती चढण पुन्हा एकदा चढल्यासारखे वाटले. मात्र जर्मन दूतावासाविषयीच्या परिच्छेदात दोन चुका राहून गेल्या आहेत, आणि त्याच परिच्छेदाच्या शेवटी लेखकाने केलेली तक्रारही मला पटलेली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिली चूक नावसाधर्म्यातून झाली आहे आणि ती क्षम्य आहे. प्रागमध्ये लोब्कोवित्स घराण्याच्या नावाचे दोन प्रासाद आहेत. लेखासोबत छापलेले छायाचित्र किल्ल्याच्या आवारातल्या प्रासादाचे आहे. तो 2002 मध्ये त्या घराण्याला परत मिळाला, 2007 पासून तिथे त्यांचे संग्रहालय आहे आणि तिकीट काढून कोणालाही आत जाता येते. जर्मन दूतावास असलेला प्रासाद किल्ल्याखाली, माला स्त्राना भागात, व्लाश्स्का रस्त्यावर पेत्रशिन टेकडीच्या पायथ्याशी आहे. आमच्या सहलीच्या मार्गदर्शकानेही किल्ल्यातल्या प्रासादाकडे बोट दाखवून, 1989 मध्ये देश सोडून पळालेले हजारो पूर्व जर्मन नागरिक पश्चिम जर्मनीच्या दूतावासात आश्रयाला आले त्याची हकिकत रंगवून सांगितली होती, त्यामुळे लेखकाला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

खालचा हा प्रासाद अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात जोव्हानी बत्तिस्ता अलिप्रांदी या इटालियन वास्तुकाराने बांधला, तोही लोब्कोवित्सांसाठी नव्हे. त्यांच्याकडे तो 1753 मध्ये आला. त्याचे खरे सौंदर्य रस्त्याकडून कळतच नाही. बागेच्या बाजूने पाहिले, की मधला दालनाचा भाग बुरुजासारखा गोलाई घेऊन पुढे आलेला दिसतो, दोन्ही बाजूंचे सोपे जरा मागे सरकलेले दिसतात, आणि पॅरिसच्या लूव्र राजवाड्यासाठी इटालियन शिल्पकार-वास्तुकार बेर्निनीने केलेल्या, पण कधीच न बांधल्या गेलेल्या आराखड्याची आठवण अभ्यासकांना का होते ते समजते. पश्चिम जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्यात डिसेंबर 1973 मध्ये करार होऊन राजनैतिक संबंध सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनीचा दूतावास या वास्तूत आला.

दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. ‘कुंपण ओलांडताच पूर्व जर्मन निर्वासित जर्मन भूमीवर उतरले,’ असे लेखात म्हटले आहे. दूतावास म्हणजे परक्या देशाची जमीन, हा समज आपल्याकडे इतका मुरलेला आहे की सुशिक्षित माणसेही तो बिनदिक्कत सांगतात. (मुंबईत व्हिसासाठी वांद्रे-कुर्ला संकुलात जाऊन आलेला माणूसही ‘एम्बसीत गेलो होतो’ असेच म्हणतो, वास्तविक मुंबईत आहेत ते वाणिज्य दूतावास, आणि त्यांना मिळणारे संरक्षण दूतावासाहून बरेच मर्यादित आहे.) राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराचे बाविसावे कलम एवढेच सांगते, की दूतावासाच्या आवारात यजमान देशाच्या पोलिसांना किंवा अधिकाऱ्यांना राजदूताच्या संमतीशिवाय पाऊल टाकता येणार नाही, आणि त्या आवाराचे रक्षण करण्याची जबाबदारी यजमान देशाची राहील. भारताने याच करारासाठी 1972 मध्ये स्वतंत्र कायदा केला. जमीन मात्र यजमान देशाचीच राहते.

हा कायद्याचा कीस नाही, कारण 1989 च्या त्या शरद ऋतूतली सगळी कोंडी याच फरकातून उभी राहिली होती. ती बाग खरोखर जर्मन भूमी असती तर कुंपणावरून उडी मारली त्या क्षणीच ती माणसे घरी पोहोचली असती. प्रत्यक्षात ती आत सुरक्षित होती, पण फाटकाबाहेर चेकोस्लोव्हाकिया होता आणि तिथून कोणाच्या तरी परवानगीवाचून कुठेच जाता येत नव्हते. सप्टेंबरअखेर तिथे सुमारे 4000 माणसे साठली होती. दालनांत एकावर एक खाटा लागल्या होत्या, मधल्या जिन्याच्या पायऱ्यांवर माणसे पाळीपाळीने झोपत होती, बागेत तंबू होते आणि पावसाने त्या देखण्या हिरवळीचा चिखल झाला होता. स्वच्छतागृहांपुढच्या रांगा संपत नव्हत्या. आसपासच्या अरुंद गल्ल्यांत त्यांनी मागे सोडलेल्या ट्राबांट, म्हणजे पूर्व जर्मन बनावटीच्या छोट्या मोटारगाड्या, बेवारस उभ्या होत्या.

सुटकेचा मार्ग निघाला तो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी न्यूयॉर्कला जमलेल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या बोलण्यांतून. 30 सप्टेंबरच्या संध्याकाळी सातला काही मिनिटे कमी असताना पश्चिम जर्मनीचे परराष्ट्रमंत्री हान्स-डिट्रिश गेन्शर बागेकडच्या सज्ज्यात आले आणि जाण्याची परवानगी मिळाल्याचे सांगू लागले. त्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच जल्लोषात बुडून गेले. गेन्शर स्वतः हाल्लेजवळचे, 1952 मध्ये पूर्व जर्मनी सोडून आलेले, त्यामुळे समोरच्या गर्दीची धास्ती त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती धास्ती होतीच, कारण पूर्व जर्मन सरकारने अट घातली होती की आगगाड्या त्याच्याच प्रदेशातून, ड्रेस्डेनमार्गे जातील, म्हणजे या लोकांना आपणच बाहेर घालवले असे त्याला म्हणता येईल. ज्या देशातून पळून आलो त्याच देशातून बंद डब्यात पुन्हा जायचे, या कल्पनेने लोक कचरले, आणि त्यांना धीर यावा म्हणून पश्चिम जर्मन अधिकारी गाड्यांत सोबत बसले. पहिल्या गाड्या 1 ऑक्टोबरला बव्हेरियातल्या होफ स्थानकात पोहोचल्या. काही दिवसांत दूतावास पुन्हा भरला, दुसऱ्या खेपेच्या गाड्या जाताना ड्रेस्डेन स्थानकावर जमाव आणि पोलीस यांच्यात चकमकी झडल्या, आणि 9 नोव्हेंबरला बर्लिनची भिंतच खुली झाली.

आता लेखकाच्या तक्रारीविषयी. एवढी सुंदर वास्तू दूतावासाने अडवून ठेवल्यामुळे सामान्यांना बघता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. हळहळ समजण्यासारखी आहे. माला स्त्रानातल्या अशा कितीतरी प्रासादांची दारे बंदच दिसतात. पण हा विशिष्ट प्रासाद दूतावास नसता, तर बाविसाव्या कलमाचे कवच त्याला मिळाले नसते आणि त्याच्या सज्ज्याकडे बघायला आज कोणी गेलेही नसते. शिवाय, तो अगदीच दिसत नाही असेही नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे महिनाभर राहिलो असताना मी एका सकाळी दूतावासाचे दार मागे टाकून व्लाश्स्का रस्त्याने वर गेलो, डावीकडे वळलो आणि टेकडीच्या उतारावरून प्रासादाच्या मागच्या बाजूला आलो. तिथल्या लोखंडी कुंपणाच्या गजांमधून ती गोलाई, तो सज्जा आणि हिरवळीवर चार माणसी पायांवर उभी असलेली ट्राबांट व्यवस्थित दिसते. दाविद चेर्नी या चेक शिल्पकाराने 1990 मध्ये केलेल्या शिल्पाची ही धातूची प्रत आहे. माझ्याशेजारी एक वयस्कर बाई गजांना धरून बराच वेळ नुसती सज्ज्याकडे पाहत होती. मला जर्मन येत नाही, तिला इंग्रजी येत नव्हते. निघताना तिने गजावर दोनदा बोटाने टकटक केले आणि मग हाताने वरून पलीकडे उडी मारल्याची खूण करून ती हसली.

पुढच्या रविवारी छायाचित्राबाबत खुलासा छापणार असाल, तर त्यात व्लाश्स्का रस्त्याचे नाव आणि मागच्या कुंपणाचा उल्लेख अवश्य करावा. सुटीत पुण्या-मुंबईहून प्रागला जाणाऱ्या बहुतेक सहली किल्ल्यावरूनच परत फिरतात, आणि तिथून खाली उतरून या कुंपणापर्यंत जायला फार वेळ लागत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे