बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत, "विषाणू माणसाच्या अंगात, मग तू संगणकात काय शोधतेस?" फोनवर धड सांगता येईना, म्हणून हे पत्र.

आमचं साधं मॉडेल तीन आकड्यांवर चालतं: निरोगी पेशी किती, बाधित किती आणि मोकळे विषाणू किती. बाधित पेशी नवे विषाणू सोडते आणि मरते. ते विषाणू दुसऱ्या पेशी गाठतात. हे आकडे तासागणिक कसे बदलतील याची समीकरणं मांडायची, संगणकावर ती चालवायची आणि रुग्णांच्या तपासण्यांशी ताडून बघायची.

एचआयव्हीचं उदाहरण मला फार आवडतं. त्यात रक्तातलं विषाणूंचं प्रमाण वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच राहतं, त्यामुळे आजार जणू झोपलाय असं वाटायचं. १९९५-९६ मध्ये डेव्हिड हो, ॲलन पेरेलसन हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध दिल्यावर ते प्रमाण किती झपाट्याने घसरतं ते मोजलं. गळक्या टाकीत नळ चालू असला की पातळी हलत नाही. नळ बंद केला की गळती कळते, तसं. हिशेब निघाला तो असा, की अंगात रोज सुमारे १,००० कोटी विषाणू तयार होतात आणि जवळपास तेवढेच नष्ट होतात! इतक्या नकला म्हटल्यावर चुका होणारच, आणि एखाद्या औषधाला दाद न देणारा विषाणू त्यातून सहज निपजणार. एकदम तीन औषधं देण्यामागचं मोठं कारण हेच.

फ्लूचं गणित इतकं सरळ नाही. लागण झाल्यावर दोन-तीन दिवसांत विषाणू कळस गाठतो आणि मग उतरतो. का? बळी पडण्याजोग्या पेशी संपल्या म्हणून, की प्रतिकारशक्तीने गाठलं म्हणून? दोन्ही मॉडेलं त्याच आकड्यांवर चपखल बसतात, तेव्हा मॉडेलची रेघ तपासण्यांच्या आकड्यांशी नुसती जुळली म्हणून मी हुरळून जात नाही.

एक गोष्ट मात्र फ्लूच्या दोन्ही मॉडेलांत सारखीच. फ्लूची औषधं विषाणूची वाढ रोखतात. वाढ होऊन गेल्यावर ती रोखून फारसं हाती लागत नाही. म्हणून लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत ती सुरू करायला सांगतात. आणि बाबा, तुमचं नेमकं "दोन दिवस बघू"! या वयात ते चालणार नाही. अंग दुखून ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

आई, ते ऐकणार नाहीत. फोन तूच लाव.

तुमची लेक