सुन्याला, रावेरहून

प्रिय सुन्या,

प्रकृती ठीक, बीपीची गोळी चालू. पुढे.

चिऊचा जेनेटिक रिपोर्ट आला. पीआरपीएफ३१ जीनमध्ये बिघाड, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा आजार. हे वाचून ज्याला फोड करून सांगावी लागणार नाही असा माझ्या ओळखीत तू एकटाच, भो. थंडीत मळ्यात भरीत पार्टी होती. शेकोटीजवळून ताट घेऊन निघाली ती सरळ खाटेवर आदळली. बाकीची पोरं त्याच अंधारात पकडापकडी खेळत होती. रेखा म्हणाली, धांदरट आहे. मला माय आठवली. दिवे लागले की माय भिंत धरून चालायची, तू पाहिलंयस.

होस्टेलवरचं पेशीतल्या छोट्या आरएनएंवरून, यू३वरून झालेलं भांडण आठवतं? यू२ नंतर एकदम यू४ कसा? बाकीचे इंट्रॉन, म्हणजे जीनच्या आरएनएतले नको असलेले तुकडे, कापायच्या कामाला, तर यू३ न्यूक्लिओलसमध्ये, रायबोसोम घडवायच्या कामाला. पैज तू जिंकलास आणि महिनाभर माझ्या पैशांनी चहा ढोसलास. त्या यू३ वर बसणारं १५.५के प्रोटीनच इथे यू४ वर बसतं, आरएनए जिथे एकदम मुडपतो तिथे. मग येतं पीआरपी३१, चिऊच्या त्या जीनचं प्रोटीन. नुसत्या आरएनएला ते धरत नाही, नुसत्या १५.५केलाही नाही, दोघांची मिळून जी जागा तयार होते, तिलाच चिकटतं. मध्यस्थाशिवाय सोयरीक नाही, तसं. ते कमी पडलं की यू४-यू६ च्या जोडीला यू५ नीट येऊन मिळत नाही, आणि हे त्रिकूट नसेल तर इंट्रॉन कापणार कोण? लागतं प्रत्येक पेशीला, भोगतो फक्त डोळा. आधी अंधारात पाहणाऱ्या रॉड पेशी जातात, मग कडेची नजर आकसते. २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली ती जीन थेरपी आरपीई६५ या दुसऱ्याच जीनची, आपल्या कामाची नाही.

हेही पचवलं असतं. डोकं खातंय ते वेगळंच. मायकडून आलेली त्या जीनची खराब प्रत माझ्यातही आहे, आणि मी रात्रीच्या लाईटीवर एकटा जाऊन मोटर चालू करून येतो. का? तर बाबांकडून आलेली चांगली प्रत माझ्यात जोरात चालते, एकटीच दोघींचं भागवते. चिऊला खराब प्रत माझी आणि चांगली रेखाकडची, ती मंद चालणारी. डॉक्टरीणबाईंनी हे समजावलं तेव्हा रेखा बिल भरायला गेली होती.

आता हे सांगू कसं? खराबी आमच्या घरची आणि बोल तिच्या माहेराला. आमची काकू तुला माहीत आहे, अर्धं ऐकून गावभर करेल. पण काकूचं सोड, रेखा स्वतःच पहिली मान डोलावेल, ‘माझ्यामुळेच’ म्हणून. न सांगावं तर धाकट्याचं रक्त द्यायचंय, त्याच्यातही खराब प्रत असण्याची निम्मी शक्यता आहे, तेव्हा ती विचारणारच.

माझं ती ऐकत नाही, ‘मास्तरकी नको’ म्हणते. तुझं ऐकते, का ते देव जाणे. दिवाळीत ये आणि तूच सांग. मायपासून सुरुवात कर, चांगल्या प्रतीचं शेवटी.

बदली झाली म्हणे तुझी, बरं झालं. वहिनींना नमस्कार. पोराच्या अ‍ॅडमिशनचं काय ते कळव.

तुझा,
दिल्या