क्रिएटिनिन 0.6

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट घेऊन काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. क्रिएटिनिन 0.6 बघून तू फोनवर म्हणालास, "बाबा, किडनी एक नंबर!" मीही खूश होतो. डॉक्टर मात्र त्याच आकड्यावर थांबले. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला टाकाऊ पदार्थ. ते तयार होतं स्नायूंत, किडनी ते फक्त बाहेर टाकते. स्नायूच झिजले तर आकडा आपोआप खाली येतो.

मग त्यांनी मुठीत धरायचं एक यंत्र दिलं. जीव खाऊन दाबलं, तर काटा 26 किलोवर. आशियाई पुरुषांमध्ये 28 च्या खाली आलं की ताकद कमी धरतात म्हणे. तीस वर्षं लेथवर चक आवळलेला हात हा! खरं सांगतो, सहा महिने झाले, बरणीचं झाकण तुझी आईच उघडते. तुला बोललो नव्हतो.

तू टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, विचारत होतास. ते चाळिशीनंतर वर्षाला साधारण 1 टक्का उतरतं. माझं वयाच्या मानाने ठीक आहे, तेव्हा ते जेल मागवू नकोस. अंगातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, सीआरपी, थोडा चढलाय. अंगात अशी मंद सूज धुमसत राहिली की स्नायूंची बांधणी मागे पडते आणि मोड जास्त होते. पण यातला कुठलाही आकडा एकटा मनगटातलं बळ सांगत नाही. स्नायू जेवढे घटतात त्याहून ताकद जास्त घटते, कारण मेंदूकडून स्नायूंना जाणारे हुकूमही ढिले पडतात. एवढ्या सगळ्या रक्ततपासणीत मूठ कोणीच दाबायला सांगितली नाही, याचं मला नवल वाटलं.

डॉक्टरांनी 1990 सालचा एक अमेरिकन प्रयोग सांगितला. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली. पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. मी तर अजून सदुसष्टचाच!

आजपासून दोन अंडी, आणि एक दिवसाआड वाळूच्या पिशव्या. शिवाय हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाचदा उठायचं, तेही 12 सेकंदांच्या आत. मला 14 लागले. आईने घड्याळ माझ्या हातात देऊन 11 मध्ये करून दाखवलं. सकाळपासून तीन शेजारणींना सांगून झालंय.

तुझा,
बाबा