टोमालिनबाईंचं पुस्तक पाठवतेय

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

क्लेअर टोमालिन यांचं ‘द इनव्हिजिबल वुमन’ तुला पाठवतेय. १९९० सालचं हे चरित्र आहे नेली टर्नन या नटीचं. १८५७ मध्ये इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स तिच्यात गुंतला तेव्हा ती १८ वर्षांची होती, तो ४५ चा, संसारी. पुढे १८७० मध्ये तो जाईपर्यंत ती त्याच्या आयुष्यात होती. पण दोघांचं एकमेकांना लिहिलेलं एकही पत्र आज उरलेलं नाही. १८६० मध्ये तर त्याने घरच्या अंगणात आपल्याकडच्या पत्रांची होळीच केली होती.

मग चरित्र लिहायचं कशावरून? टोमालिनबाई आधी नेलीच्या माहेरात शिरतात. आई आणि तिन्ही मुली रंगभूमीवर पोट भरणाऱ्या. हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण इथे नेली डिकन्सची कुणी नसते, कामावर जाणारी मुलगी असते. नंतर आधीच्या अभ्यासकांच्या हाती लागलेले पुरावे येतात: स्लाउ गावात ‘ट्रिंगम’ या खोट्या नावाने भरलेली घरपट्टी, डिकन्सची अमेरिकेत हरवलेली १८६७ ची खिशातली डायरी, तिच्यातलं नेलीसाठीचं नुसतं ‘एन’ हे अक्षर. डिकन्स गेल्यावर नेलीने आपलं वय दहाहून अधिक वर्षांनी कमी सांगितलं, लग्न केलं, मुलं झाली. १९१४ मध्ये ती गेली, त्यानंतरच मुलाला आईचं खरं आयुष्य कळलं. किती सांभाळून जगली असेल गं ती!

बाईंनी स्वतःही कमी सोसलेलं नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांचे पत्रकार पती निकोलस अरब-इस्रायल युद्धाचं वार्तांकन करताना गोलान टेकड्यांवर मारले गेले. स्त्रियांच्या हक्कांवर लिहिणाऱ्या मेरी वुलस्टनक्राफ्टवरचं त्यांचं पहिलं पुस्तक पुढच्याच वर्षी आलं. १९८० मध्ये तरुण मुलगी गेली. तरी लिहिणं सुटलं नाही. रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सच्या २००२ मधल्या चरित्राला व्हिटब्रेड पुरस्कार मिळाला.

पण माझा खरा जीव जडला तो त्यांच्या सचोटीवर. कळलेलं कुठे संपतं आणि अंदाज कुठे सुरू होतो, हे त्या लपवत नाहीत. पुस्तक आल्यावर एका वाचकाने त्यांना घराण्यात चालत आलेली हकिकत कळवली: डिकन्स शेवटी कोसळला तो स्वतःच्या घरी नव्हे, लंडनमधल्या पेकहॅमला नेलीकडे. बाईंनी ती तपासली आणि पुढच्या आवृत्तीत वेगळी जोडली, केवळ एक शक्यता म्हणून. तुझ्या प्रतीत ती शेवटी आहे. तुला ती पटते का, सविस्तर लिही.

तुझी,
वासंती