लॉकचा चौथा खंड वाचायचा राहिला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेवर (ज्ञान कसे मिळते आणि खरे कशाने ठरते, या विचारावर) आलेल्या लेखाची मांडणी थोडक्यात अशी: फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने इंद्रियांना खोटे ठरवले, इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने मन ही कोरी पाटी मानली आणि जर्मन तत्त्वज्ञ कांटने दोघांत समेट घडवला. परीक्षेच्या गाइडात हे खपून जाते. मूळ ग्रंथ उघडले की तिन्ही विधाने लंगडी पडतात, कारण त्यांत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. कल्पना मनात येतात कुठून, हा एक. विधान खरे आहे हे ठरते कशाने, हा दुसरा.

लॉकचा मानवी आकलनावरील चार खंडांचा ग्रंथ १६८९ च्या अखेरीस बाजारात आला. मुखपृष्ठावर १६९० हे साल आहे. दुसऱ्या खंडात मनाला उपमा दिली आहे ती पाटीची नव्हे, कोऱ्या कागदाची. त्यावर मजकूर उमटतो दोन वाटांनी: इंद्रियसंवेदनातून, आणि मन स्वतःच्याच व्यापारांकडे पाहते त्यातून. लेखात दुसरी वाट गळालीच आहे. चौथ्या खंडात तर लॉक ज्ञानाची प्रतवारी लावतो. सर्वांत वर थेट उमगणारे ज्ञान, मग सिद्धतेने मिळणारे आणि शेवटी इंद्रियांनी मिळणारे. गणिताप्रमाणे नीतीचीही सिद्धता देता येईल, असे तो म्हणतो. म्हणजे पहिल्या प्रश्नावर हा पक्का अनुभववादी, कल्पना अनुभवातूनच येतात असे मानणारा, आणि दुसऱ्यावर जवळजवळ देकार्तच्या पंगतीला.

देकार्तचेही तसेच. १६४१ च्या ‘चिंतने’ या ग्रंथात मेणाचा गोळा विस्तवाजवळ नेला की वास, चव, रंग, आकार सगळे बदलते, तरी मेण तेच, हे बुद्धीलाच कळते. बहुतेक लोक इथे पुस्तक मिटतात. सहाव्या चिंतनात तो इंद्रियांना त्यांचे काम नेमून देतो: शरीराला हितकर काय आणि अपायकारक काय, हे सांगणे. आणि १६३७ च्या प्रकाशशास्त्रावरील निबंधात हाच माणूस प्रयोगाची कृती देतो. नुकत्याच मेलेल्या माणसाचा, नाहीतर बैलाचा डोळा घ्या. आतला द्रव न सांडता मागची तिन्ही आवरणे कापा. उघड्या जागी पातळ कागद किंवा अंड्याचे टरफल लावा. अंधाऱ्या खोलीच्या खिडकीला भोक पाडून डोळा त्यात बसवा, पुढची बाजू बाहेर. टरफलावर बाहेरचे दृश्य उमटते. डोळा जरा कमीजास्त दाबला गेला की ते अस्पष्ट होते. इंद्रियांना निकामी मानणारा माणूस इतकी खटपट कशाला करील?

लेखात ज्याचा उल्लेखही नाही तो आयरिश विचारवंत मॉलिन्यूचा प्रश्न इथे खरा उपयोगी. जन्मांध माणसाने एकाच धातूचे, साधारण एकाच आकारमानाचे घन आणि गोल स्पर्शाने ओळखायला शिकले आहे. त्याला दृष्टी आली. हात न लावता घन कोणता, गोल कोणता हे तो सांगेल का? लॉकने १६९४ च्या आवृत्तीत प्रश्न छापला आणि ‘नाही’ म्हटले. जर्मन तत्त्वज्ञ लायबनिझ ‘होय’ म्हणाला, पण अट घालून: समोर त्याच दोन वस्तू आहेत हे त्याला आधी सांगितलेले हवे. मग घनाला आठ कोपरे, गोलावर एकही बिंदू वेगळा उठून दिसत नाही, एवढ्यावरून तो तर्काने ओळखील. हे उत्तर लायबनिझच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १७६५ मध्ये छापले गेले.

हा प्रश्न प्रयोगाने सोडवण्यात गोची अशी की नुकत्या उघडलेल्या डोळ्याला मुळात नीट दिसतच नाही. त्यामुळे नुसता नकार आला तर काहीच ठरत नाही. म्हणून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीत शस्त्रक्रिया झालेल्या ८ ते १७ वयाच्या पाच जन्मांध मुलांवरील अभ्यासात आधी पाहिलेली वस्तू पाहूनच ओळखता येते का, हे तपासले. ते चांगले जमले. हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखणे मात्र अंदाजपंचे ठोकण्याच्या जवळपासच राहिले, आणि ज्यांची नंतर चाचणी झाली त्यांच्यात थोड्याच दिवसांत सुधारणा दिसली. लॉकचे पारडे जड झाले खरे. पण वापरलेले आकार घन-गोल नव्हते, ठोकळ्यांचे गुंतागुंतीचे होते. लायबनिझचा आठ कोपऱ्यांचा तर्क तिथे कसाला लागलाच नाही.

जाता जाता शब्दाविषयी. तत्त्वज्ञानात ‘बुद्धिवादी’ म्हणजे ज्ञानाचा आधार इंद्रियांपेक्षा बुद्धीत मानणारा. मराठीत मात्र ‘बुद्धिवादी’ म्हटले की अंधश्रद्धेविरुद्ध उभा राहणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. या दुसऱ्या अर्थाने चमत्कारांच्या साक्षींवर तुटून पडणारा अनुभववादी तत्त्वज्ञ ह्यूम बुद्धिवादी ठरेल, आणि ईश्वराचे अस्तित्व निव्वळ बुद्धीने सिद्ध करू पाहणारा देकार्त अडचणीत येईल. लेखात हा शब्द दोन्ही अर्थांनी, एकाच परिच्छेदात आला आहे.

कांटने ‘शुद्ध बुद्धीची मीमांसा’ या १७८१ च्या ग्रंथाच्या अगदी शेवटच्या प्रकरणात अनुभववाद्यांचा म्होरक्या म्हणून ॲरिस्टॉटलचे नाव घेतले आहे, समोर ज्ञान बुद्धीतून येते म्हणणाऱ्यांचा म्होरक्या प्लेटो; लॉक आणि लायबनिझ हे अनुक्रमे त्या दोघांमागून चालणारे. लेखमालेच्या पुढच्या भागात कांट येणार असेल तर तिथून सुरुवात करावी आणि लॉकच्या चौथ्या खंडाबद्दलची दुरुस्ती त्याच अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक