माझ्या भावाला घरी आणणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं दादाच म्हणते. भावाला तुम्ही घरी आणलंत त्या दिवशी माय तुमच्या पाया पडायला वाकली आणि तुम्ही घाईघाईनं तिचे हात धरलेत. त्याचे आभार मायनं तेव्हाच मानले. मला त्यापुढचे मानायचे आहेत. माणूस दारात सोडून, कागदावर सही घेऊन तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं परत जाऊ शकला असतात. पण तुम्ही राहिलात, आमच्यात जेवलात, ओट्यावर झोपलात आणि त्याच्यासोबत कसं राहायचं ते आम्हाला समजावून गेलात.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडं मागचं सांगते. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. इकडची पोरं कामाला सुरतेला जातात, तसा आयटीआय करून तोही गेला. तिथंच त्याला आवाज ऐकू यायला लागले, कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटायला लागलं आणि एक दिवस तो खोलीवरून निघून गेला. हरवल्याची तक्रार झाली, नातेवाइकांनी स्टेशनं पालथी घातली. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून उपचार देणाऱ्या तुमच्या लोकांना तो सापडला तो पार कोकणात, महामार्गाच्या कडेला. केसांच्या जटा, पायाच्या जखमेत किडे. हे तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत, मायला नाही.

तो बोलत नव्हता. औषधं सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी पुटपुटायला लागला, ते अहिराणीत. तुम्ही जळगावकडच्या एका नर्सबाईंना त्याच्याशेजारी बसवलंत. त्या त्याला गावाचं नाव विचारत बसल्या नाहीत, जत्रेचं विचारलं. वैशाखातला सखाराम महाराजांचा रथ, बोरी नदीचं पात्र, पात्रातली दुकानं, असं एकेक त्याच्या तोंडून निघत गेलं. तेवढ्यावरून तुम्ही अमळनेर गाठलंत, एकेका गावच्या पोलीस पाटलाला फोन केलेत. आमच्या पोलीस पाटलांच्या मोबाइलवर फोटो आला तेव्हा माय एवढंच म्हणाली, "मना आंडोर शे." माझा मुलगा आहे.

त्या रात्री आमच्या अंगणात अर्धा गाव जमला होता. थोरले काका म्हणाले, आता लग्न लावून देऊ, म्हणजे थाऱ्यावर येईल. आमच्याकडे हा सल्ला प्रत्येक घरात मिळतो. तुम्ही काकांचा मान राखून, पण ठामपणे सांगितलंत की याला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भलते संशय येणं असा मनाचा आजार, लग्न हा त्याच्यावरचा इलाज नाही आणि अशानं दुसऱ्या घरच्या मुलीचीही फरपट होते. मायनं भीतभीत नवसाचं काढलं. तिला तुम्ही म्हणालात, "नवस खुशाल फेडा, मावशी, गोळी मात्र एक दिवस चुकवू नका." त्या वाक्यानं माय तुमची झाली. अंधश्रद्धा म्हणून तिला झिडकारलं असतंत, तर पुढचं तिनं काही ऐकलंच नसतं.

आवाज खरे की खोटे यावर त्याच्याशी वाद घालायचा नाही, तो घाबरला असेल तर त्या भीतीबद्दल बोलायचं, हे तुम्ही सांगितलंत. उशिरा उठला तर आळशी म्हणायचं नाही, कारण गोळ्यांनी सुस्ती येते. त्याच्यादेखत त्याच्याविषयी कुजबुजायचं नाही. झोप उडाली की आजार उलटायची वाट न पाहता डॉक्टर गाठायचा. नंतर मी वाचलं की लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या संशोधकानं 1950च्या दशकातच हे अभ्यासायला घेतलं होतं. दवाखान्यातून घरी गेलेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या घरात सतत टोमणे आणि दोषारोप चालतात, त्यांचा आजार जास्त वेळा उलटतो, असं त्यांना आढळलं. मायेला आमच्याकडे कधी तोटा नव्हता. ती माया आजारी माणसाच्या अंगी कशी लागेल, हे कुणीतरी घरात बसून सांगायला हवं होतं.

डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याचं नाव मी तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. नारळाच्या करवंटीनं गटारातलं पाणी पिणारा एक तरुण त्यांनी उपचारांसाठी उचलून आणला आणि तो आंध्रातला पदवीधर निघाला. 1988 साली त्यांनी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी श्रद्धा संस्था सुरू केली. पुढे कर्जतला केंद्र उभं राहिलं, 2018मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि हजारो माणसं आपापल्या घरी पोचली. तुम्ही त्या संस्थेत नाही, पण त्यांच्याच वाटेवरचे आहात. पुरस्कार मिळालेल्यांची नावं तरी लोकांना कळतात. रेल्वेच्या जनरल डब्यात एका घाबरलेल्या माणसाशेजारी रात्रभर जागणाऱ्याचं नाव कुणाला कळत नाही, म्हणून हे जाहीर लिहिते आहे.

तो आता चुलतभावाच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसतो. सगळं मिटलेलं नाही. हात थरथरतात, काही दिवस तो कुणाशी बोलत नाही, मध्यंतरी डॉक्टरांनी डोस बदलला. जिल्हा रुग्णालयातून गोळ्या मोफत मिळतात. तुम्ही सांगितलं होतंत तसं दिव्यांग प्रमाणपत्राचंही काम सुरू केलं आहे. त्याच्या सहीसाठी कागद पुढे केला तर तो आधी पूर्ण वाचून घेतो, आणि ते बघून मला फार बरं वाटतं.

शेजारच्या गावात एका बाईंचा मुलगा असाच वागायला लागला आहे. त्या माझ्याकडे आल्या होत्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मी त्यांना लावून दिला आणि तुमचं सगळं शिकवणं तसंच्या तसं सांगितलं. वांग्याचा हंगाम सुरू झाला की या. भरीत आणि कळण्याची भाकरी करायची असं मायनं ठरवून ठेवलं आहे, आणि तुम्हाला आणायला स्टेशनवर मीच जाणार असं भाऊ म्हणतो.

तुमची,
अमळनेरकडची ताई